एका संगणकावर दोन सिस्टीम: सुरू होताना डिस्क निवडण्याच्या अडचणींविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात एकाच संगणकावर घरातील दोघातिघांचे काम चालणे ही नेहमीची गोष्ट आहे. जकार्ड चादरीच्या डिझाइनचे सॉफ्टवेअर आणि जीएसटीचा हिशेब विंडोजवर असतो, आणि त्याच यंत्रावर अभियांत्रिकीला शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला लिनक्स हवे असते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्यापासून तर, विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या जुन्या संगणकांवर शेजारी लिनक्स बसवून घेणाऱ्यांची विचारणा माझ्याकडे वाढली आहे. मग एखाद्या सकाळी संगणक भलत्याच सिस्टीममध्ये उघडतो, किंवा काळ्या पडद्यावर एक ओळ दाखवून थांबतो, आणि कोणीतरी सांगते की हार्ड डिस्क गेली, आता फॉरमॅट मारावे लागेल. असे संगणक पाहताना मला बहुतेक वेळा डेटा जिथल्या तिथे शाबूत सापडला आहे. संगणकाला तो कुठून उचलायचा एवढेच कळत नव्हते. फॉरमॅटला होकार देण्यापूर्वी हे पान शेवटपर्यंत वाचावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

खाली आलेल्या आज्ञा प्रत्यक्षात रोमन लिपीत टाइप कराव्या लागतात. येथे त्यांचा उच्चार दिला आहे.

कोणती सिस्टीम उघडायची हे नेमके कोण ठरवते?

हे दोन टप्प्यांत ठरते, आणि पुढच्या जवळजवळ सर्व उत्तरांचे मूळ या दोन टप्प्यांतच आहे.

पहिला टप्पा फर्मवेअरचा, म्हणजे मदरबोर्डवर कायम असलेल्या प्रोग्रॅमचा. जुन्या संगणकांत त्याला बायोस म्हणत. नव्या संगणकांत यूईएफआय असते, पण बोलताना आपण दोन्हींना बायोसच म्हणतो. जुना बायोस डिस्कवरील अगदी पहिला ५१२ बाइटचा भाग वाचतो. त्यात ४४६ बाइट सुरुवातीच्या छोट्या प्रोग्रॅमसाठी, ६४ बाइट चार पार्टिशनांच्या (डिस्कच्या वेगळ्या पाडलेल्या भागांच्या) नोंदीसाठी आणि उरलेले २ बाइट खुणेसाठी असतात. म्हणजे एका डिस्कवर असा प्रोग्रॅम एकच मावतो, आणि नंतर बसवलेली सिस्टीम आधीच्या सिस्टीमचा प्रोग्रॅम पुसून स्वतःचा लिहिते. यूईएफआयमध्ये ही ओढाताण राहिलेली नाही. तेथे डिस्कवर फॅट३२ पद्धतीचे एक लहान पार्टिशन असते, त्यात विंडोजचे फोल्डर वेगळे आणि उबुंटूचे (हा लिनक्सचा एक प्रकार) वेगळे असते, आणि त्यांपैकी कोणाला आधी हाक मारायची याची क्रमवार यादी मदरबोर्डच्या स्मृतीत जतन केलेली असते.

दुसरा टप्पा बूट मॅनेजरचा, म्हणजे निवडलेली सिस्टीम सुरू (बूट) करणाऱ्या प्रोग्रॅमचा. विंडोजचा स्वतःचा बूट मॅनेजर असतो. लिनक्सकडे बहुधा ग्रब असतो, आणि तोच दोन्ही सिस्टीमची नावे दाखवणारा मेनू पडद्यावर आणतो.

मागावर काम केलेल्यांना हे लगेच कळते. जकार्डवर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची जी माळ चढवलेली असेल, तीच नक्षी चादरीवर उतरते. दुसरी माळ कोपऱ्यात ठेवलेली असली तरी ती फाटलेली नसते, फक्त मागावर नसते. दोन सिस्टीमच्या संगणकात बहुतेक वेळा हेच झालेले असते.

म्हणून बिघाड झाला की आधी तो कोणत्या टप्प्यावर झाला ते पाहावे. कंपनीचे चिन्ह दिसून, कोणताही मेनू न येता, संगणक थेट विंडोजमध्ये गेला, तर फर्मवेअरची यादी तपासावी. मेनू आला पण त्यात एक नाव नाही, तर ग्रबची मांडणी पाहावी. मेनूतून नाव निवडले आणि त्यानंतर संगणक अडकला, तर डिस्कची निवड बरोबर झालेली असून अडचण त्या सिस्टीमच्या आत आहे, आणि त्यासाठी बूटचा क्रम बदलत बसण्यात अर्थ नाही.

एकदाच वेगळी डिस्क निवडायची असेल तर मेनू कसा उघडावा?

संगणक सुरू होताच ठरावीक कळ पुन्हा पुन्हा दाबावी लागते. डेलच्या आणि लेनोवोच्या बऱ्याच संगणकांवर ती एफ१२ असते. एचपीवर आधी एस्केप आणि मग एफ९. एसूसच्या लॅपटॉपवर एस्केप, तर त्याच कंपनीच्या डेस्कटॉप मदरबोर्डवर एफ८. एमएसआयवर एफ११ आणि गिगाबाइटवर एफ१२. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर बाजूला सुईने दाबण्याजोगे बारीक बटण असते, ते लॅपटॉप बंद असताना दाबावे. एसरच्या अनेक लॅपटॉपवर एफ१२ चा मेनू आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावा लागतो, त्यामुळे कळ दाबूनही काही होत नाही म्हणून कीबोर्ड बदलण्याची घाई करू नये.

कळ पकडलीच जात नसेल तर विंडोजमधून जावे. शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक केले की निळा पडदा येतो. तेथे "यूज अ डिव्हाइस" हा पर्याय असल्यास त्यात इतर सिस्टीमची नावे दिसतात. नसल्यास ट्रबलशूट आणि त्यातील प्रगत पर्यायांतून फर्मवेअर सेटिंग्जमध्ये जाता येते. कीबोर्ड यूएसबी हबला जोडलेला असेल तर तो काढून थेट संगणकाच्या मागील बाजूस लावून पाहावा.

विंडोजचे मोठे अपडेट झाले आणि लिनक्सचा मेनू येईनासा झाला. लिनक्स पुसले गेले का?

बहुधा नाही. मोठ्या अपडेटनंतर विंडोजची नोंद कधीकधी फर्मवेअरच्या यादीत सर्वांत वर जाते, आणि ग्रबला हाकच मारली जात नाही. बायोस सेटअप (म्हणजे वर सांगितलेल्या फर्मवेअर सेटिंग्ज) उघडावा, बूटच्या पानावर जावे, उबुंटू किंवा लिनक्सचा जो प्रकार असेल त्याचे नाव वर आणावे आणि सेव्ह करून बाहेर पडावे.

येथे एक गोष्ट अनेकांना चकवते. काही मदरबोर्डवर बूटच्या मुख्य यादीत एका डिस्कचे एकच नाव दिसते आणि ते विंडोजचे असते. मग माणूस समजतो की उबुंटूची नोंद उडाली. प्रत्यक्षात त्याच पानावर खाली "हार्ड डिस्क ड्राइव्ह प्रायॉरिटीज" अशा अर्थाचा वेगळा पर्याय असतो, आणि तो उघडला की त्या डिस्कवरील दोन्ही नावे आत दिसतात. तेथे क्रम बदलल्यावर मुख्य यादी आपोआप बदलते. असा पर्याय न पाहता उबुंटू दोनदा नव्याने बसवलेला एक संगणक विजापूर रस्त्यावरून माझ्याकडे आला होता. दोन्ही वेळचे उबुंटू डिस्कवर सुखरूप होते आणि जागा मात्र दुप्पट अडली होती.

नाव खरोखरच यादीत नसेल, तर काही फर्मवेअरमध्ये नवी नोंद घालण्याची सोय असते: लहान पार्टिशनमधील ईएफआय फोल्डर, त्यातील उबुंटू फोल्डर आणि त्यातील शिम नावाची, ग्रबला सुरू करणारी फाइल दाखवली की झाले. तशी सोय नसल्यास उबुंटूच्या पेन ड्राइव्हवरून "ट्राय" पर्यायाने संगणक सुरू करून बूट-रिपेअर हे साधन वापरता येते. ईएफआयबूटएमजीआर ही आज्ञा नोंदींची यादी आणि क्रम दाखवते.

जुन्या बायोस पद्धतीवर मात्र विंडोज नव्याने बसवले असेल तर वर सांगितलेला ४४६ बाइटचा प्रोग्रॅम बदललेला असतो, आणि ग्रब पुन्हा बसवावाच लागतो. ग्रब-इन्स्टॉल या आज्ञेला तेव्हा संपूर्ण डिस्कचे नाव द्यावे, पार्टिशनचा क्रमांक जोडू नये. ही चूक फार होते.

लिनक्स निवडल्यावर "सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" असा संदेश येऊन संगणक बंद होतो.

हा सिक्युअर बूटचा नकार आहे. सिक्युअर बूट चालू असताना फर्मवेअर फक्त मान्य स्वाक्षरी असलेला प्रोग्रॅम चालू देते. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या सुरक्षा अपडेटने जुन्या, असुरक्षित ठरलेल्या बूट प्रोग्रॅमांना अडवण्याची नवी यादी लागू केली. दोन सिस्टीमच्या संगणकांना ती लागू होऊ नये अशी योजना होती, तरी अशा कितीतरी संगणकांवर ती लागू झाली आणि संदेशात एसबॅट (त्या यादीच्या पद्धतीचे नाव) हा शब्द दिसू लागला.

उपाय असा आहे. बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट तात्पुरते बंद करावे, लिनक्स सुरू करावे आणि प्रथम त्याची सर्व अपडेट घ्यावीत, म्हणजे नवा शिम येतो. त्यानंतर संगणक पुन्हा सुरू करून सिक्युअर बूट परत चालू करावे. ते कायमचे बंद ठेवण्याचा सल्ला मी देत नाही, विशेषतः ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात त्यावर. मात्र बायोसमध्ये हात घालण्यापूर्वी पुढचा प्रश्न वाचावा.

बूटचा क्रम बदलल्यानंतर विंडोज ४८ अंकी किल्ली मागू लागले. आता काय करावे?

या पानावरील एवढीच एक अडचण अशी आहे की जिच्यात डेटा खरोखर हातचा जाऊ शकतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ही बिटलॉकरची रिकव्हरी किल्ली आहे. डिस्कवरील सर्व माहिती सांकेतिक रूपात ठेवलेली असते आणि तिचे कुलूप मदरबोर्डवरील टीपीएम चिप रोज आपोआप उघडते. सिक्युअर बूट बंद केले, बूटचा क्रम बदलला किंवा फर्मवेअर अपडेट केले की टीपीएमला सुरुवातीची मांडणी ओळखीची वाटत नाही, ती कुलूप उघडण्यास नकार देते आणि पडद्यावर किल्ली मागितली जाते. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करताच हे कुलूप आपोआप लागलेले असू शकते, त्यामुळे "मी तर बिटलॉकर कधी चालूच केले नव्हते" असे सांगणारे अगदी खरे बोलत असतात.

प्रथम, जो बदल केला तो जसाच्या तसा उलटवावा. सिक्युअर बूट बंद केले असेल तर परत चालू करावे. पुष्कळदा तेवढ्याने किल्लीची मागणी थांबते. न थांबल्यास दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून रिकव्हरी किल्ल्यांचे पान उघडावे. पडद्यावर जो किल्लीचा आयडी दिसतो, त्याची पहिली अक्षरे तेथील नोंदीशी जुळवावीत. अडचण अशी होते की लॅपटॉप घेताना दुकानदाराने किंवा भाच्याने स्वतःच्या ईमेलने खाते उघडून दिलेले असते आणि ते कोणाच्या लक्षात नसते. अशा वेळी लॅपटॉप कोणी सुरू करून दिला होता, त्या प्रत्येकाला विचारावे.

किल्ली कुठेच न मिळाल्यास ती माहिती कोणताही दुरुस्ती करणारा परत आणू शकत नाही. म्हणून दुसरी सिस्टीम बसवण्याच्या आधी किल्ली कागदावर उतरवावी, आठ गटांतील सहा-सहा अंक दुसऱ्या माणसाकडून ताडून घ्यावेत, आणि तो कागद घरातील आधार व पॅन यांच्या फाइलमध्ये ठेवावा. बायोसमध्ये जाण्यापूर्वी विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर "सस्पेंड" करण्याची सोय असल्यास ते करावे, म्हणजे ही वेळ सहसा येत नाही.

काळ्या पडद्यावर "ग्रब रेस्क्यू" असे लिहून कर्सर लुकलुकत राहतो.

याचा अर्थ ग्रबचा पहिला तुकडा चालला, पण त्याच्या उरलेल्या फाइली जिथे असायला हव्यात तिथे सापडल्या नाहीत. बहुतेक वेळा कोणीतरी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन "हे अनोळखी पार्टिशन कशाला" म्हणून लिनक्सचे पार्टिशन काढून टाकलेले असते, किंवा नवे पार्टिशन केल्याने क्रमांक सरकलेले असतात.

विंडोज हवे असेल आणि संगणक यूईएफआयवर असेल, तर बूट मेनूची कळ दाबून विंडोज बूट मॅनेजर निवडावे. ते सरळ उघडते. नंतर यादीत ते वर आणावे. जुन्या बायोस पद्धतीवर विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून रिपेअरमध्ये जाऊन कमांड प्रॉम्प्टवर बूटरेक ही आज्ञा फिक्स-एमबीआर पर्यायासह द्यावी.

पार्टिशन काढलेले नसून फक्त क्रमांक सरकला असेल तर त्याच काळ्या पडद्यावर एलएस ही आज्ञा देऊन डिस्कच्या भागांची यादी पाहता येते. एकेका भागात डोकावून बूट फोल्डर कुठे आहे ते शोधावे, रूट आणि प्रीफिक्स या ग्रबच्या दोन नोंदींना तो पत्ता द्यावा, आणि मग इन्समॉड नॉर्मल व त्यानंतर नॉर्मल या आज्ञा द्याव्यात. ओळखीचा मेनू लगेच उघडतो. लिनक्स सुरू झाल्यावर ग्रब पुन्हा बसवून ही दुरुस्ती कायम करावी.

दोन वेगळ्या डिस्कवर दोन सिस्टीम आहेत. एक डिस्क काढली तर दुसरीवरची सिस्टीमही सुरू होत नाही, असे का?

हा धडा मी स्वतः अक्कलकोट रस्त्यावरील एका टॉवेलच्या कारखान्यात घेतला आहे. विंडोज जुन्या हार्ड डिस्कवर होते आणि उबुंटू मी नव्या एसएसडीवर बसवून दिले होते. काही महिन्यांनी हार्ड डिस्क टकटक आवाज करू लागली, म्हणून टेबलाखाली बसून, सुताच्या धुळीने भरलेले कॅबिनेट उघडून मी ती काढली. एसएसडी धडधाकट होती, तरी पडद्यावर "नो बूटेबल डिव्हाइस" आले. उबुंटू बसवताना मी संपूर्ण सिस्टीम एसएसडीवर टाकली होती, पण तिचा बूट प्रोग्रॅम पहिल्या डिस्कवर आधीपासून असलेल्या लहान ईएफआय पार्टिशनमध्ये जाऊन बसला होता, आणि ते मी पाहिले नव्हते. माल पाठवण्याची यादी त्या दिवशी त्यांना हाताने लिहावी लागली.

तेव्हापासून दुसऱ्या डिस्कवर सिस्टीम बसवताना मी पहिल्या डिस्कची केबल काढून ठेवतो, किंवा लॅपटॉपमध्ये शक्य असेल तर बायोसमधून ती डिस्क बंद करतो. मग नव्या डिस्कवर तिचे स्वतःचे ईएफआय पार्टिशन तयार होते. दोन्ही डिस्क परत जोडल्यावर निवड फर्मवेअरच्या मेनूतून करावी. रोज एक कळ जास्त दाबावी लागते, पण एक डिस्क गेली तरी दुसरी अडत नाही, आणि व्यवसायाच्या संगणकासाठी मला हीच मांडणी योग्य वाटते.

ग्रबच्या मेनूत विंडोजचे नाव दिसत नाही.

२०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून इतर सिस्टीम शोधणारे ओएस-प्रोबर हे साधन मूळ मांडणीत बंद ठेवलेले असते. ईटीसी फोल्डरमधील डीफॉल्ट, त्यातील ग्रब या फाइलमध्ये ग्रब-डिसेबल-ओएस-प्रोबर या नावाची ओळ शोधावी, तिच्या सुरुवातीचे हॅश चिन्ह (#) काढावे, किंमत फॉल्स करावी (शब्दांमध्ये जोडरेघ नव्हे, अधोरेषा असते) आणि मग सुडो अपडेट-ग्रब ही आज्ञा द्यावी.

तरीही नाव न आल्यास दोन्ही सिस्टीम एकाच पद्धतीने बसवल्या आहेत का ते पाहावे. एक जुन्या लेगसी पद्धतीने आणि दुसरी यूईएफआयने बसवली असेल तर ग्रब एकीकडून दुसरीकडे उडी मारू शकत नाही. विंडोजमध्ये एमएसइन्फो३२ उघडल्यास "बायोस मोड" या ओळीत लेगसी की यूईएफआय ते लिहिलेले असते. लेगसी विंडोज यूईएफआयवर नेण्यासाठी विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून एमबीआर२जीपीटी हे साधन मिळते. ते डेटा न पुसता डिस्कची मांडणी बदलते, पण बॅकअप घेतल्याशिवाय ते चालवू नये.

लिनक्स वापरून विंडोजमध्ये आल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे का जाते?

विंडोज मदरबोर्डवरील घड्याळात स्थानिक वेळ आहे असे समजते, तर लिनक्स तेथे जागतिक प्रमाणवेळ ठेवते. भारतीय वेळ तिच्यापेक्षा ५ तास ३० मिनिटे पुढे असल्याने फरक नेमका तेवढाच पडतो. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या आज्ञेला सेट-लोकल-आरटीसी १ असे सांगितले की दोघे एकाच वेळेवर येतात. यात डिस्कचा किंवा सेलचा दोष नाही.

वीज गेली की प्रत्येक वेळी बूटचा क्रम बदलतो.

येथे मात्र सेल पाहावा. मदरबोर्डवर सीआर२०३२ क्रमांकाचा ३ व्होल्टचा चपटा सेल असतो. तो उतरला की संगणकाची मुख्य वीज तुटताच तारीख बऱ्याच वर्षांनी मागे जाते आणि अनेक मदरबोर्डवर बायोसची मांडणी मूळ स्थितीला येते. तारीख चुकल्याने ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राविषयी तक्रार करतो, ही ओळखण्याची सोपी खूण आहे. नवीन सेल घालताना संगणकाची पिन भिंतीतून काढावी, आणि घातल्यानंतर बूटचा क्रम, यूईएफआय किंवा लेगसी पद्धत आणि साटा कंट्रोलरची (डिस्क ज्याला जोडलेली असते त्या भागाची) पद्धत या तिन्ही गोष्टी पुन्हा तपासाव्यात. साटाची पद्धत एएचसीआय या पर्यायावरून रेड (RAID) या पर्यायावर किंवा उलट गेली तर विंडोज निळा पडदा दाखवते, आणि लोक त्यालाच डिस्क गेली समजतात.

लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू असताना "शट डाउन" म्हणजे अर्धवट झोप असते, आणि लिनक्स अशा ड्राइव्हला फक्त वाचण्यापुरते जोडते, ते योग्यच आहे.

मॅकवर हीच निवड कशी करावी?

इंटेलच्या मॅकवर सुरू करताना ऑप्शन कळ धरून ठेवली की डिस्कची चित्रे दिसतात. कायमची निवड सिस्टीम सेटिंग्जमधील स्टार्टअप डिस्कमधून होते. ॲपलच्या स्वतःच्या चिपच्या मॅकवर पर्यायांचा पडदा येईपर्यंत पॉवर बटण दाबून धरावे. त्या मॅकवर बूट कॅम्प (मॅकवर विंडोज बसवण्याचे ॲपलचे साधन) चालत नाही, त्यामुळे विंडोज दुसऱ्या डिस्कवर टाकून निवडता येईल या आशेने कोणी पैसे मागत असल्यास ते देऊ नयेत.

स्वतःला जमले नाही आणि दुकानात न्यावे लागले, तर काय सांगावे?

संगणक कोणत्या टप्प्यावर थांबतो ते सांगावे, आणि पडद्यावरील संदेशाचा मोबाइलने फोटो काढून न्यावा. शेवटचा कोणता बदल केला होता, संगणकात किती डिस्क आहेत, बिटलॉकरची किल्ली जवळ आहे की नाही, हे न विचारताही सांगावे. डिझाइनच्या फाइली आणि हिशेब कोणत्या ड्राइव्हवर आहेत ते लिहून द्यावे, दुरुस्तीपूर्वी त्यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून मागावी, आणि "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" ही ओळ पावतीवर लिहून घेतल्याशिवाय संगणक तेथे ठेवू नये.